भारतात सॉफ्टवेअरला पेटंट का मिळत नाही? माझ्या अ‍ॅपची कल्पना मोठ्या कंपनीने उचलली तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दूध आणि पेपरच्या रतीबाचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप तुम्ही बनवताय, अर्धा कोड तुम्ही लिहिलाय आणि अर्धा ओळखीच्या एका फ्रीलान्सरने. पेटंटसाठी वकिलांकडे गेलात तर ते म्हणाले, आपल्याकडे सॉफ्टवेअरला पेटंट नाही. अमेरिकेत मिळतं, मग इथे का नाही, आणि उद्या एखाद्या बड्या कंपनीने हेच अ‍ॅप काढलं तर तुम्हाला काही संरक्षण आहे की नाही?

मी वकील नाही, पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. या बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा शहाणा आहे आणि तो बदलू नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्यासारख्या एकट्यादुकट्याने अ‍ॅप लिहिणाऱ्याला तर तो मोठाच आधार आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(के) आहे. गणिती पद्धत, धंदा करण्याची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम (म्हणजे काम करण्याची पायरी-पायरीची रीत) यांना शोध मानायचं नाही, असं ते सांगतं. हे कलम २००२ च्या दुरुस्तीने आलं. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून ते सैल करायचा प्रयत्न केला. प्रोग्रॅमचा उद्योगात तांत्रिक उपयोग असेल किंवा तो हार्डवेअरला जोडलेला असेल, तर पेटंट द्यावं अशी ती तरतूद होती. २००५ मध्ये विधेयक संसदेत आलं तेव्हा ही तरतूद वगळली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये युरोपीय संसदेनेही सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. तेव्हा भारतच काही तरी जगावेगळं करतोय असं समजू नका.

वकील म्हणाले ते शंभर टक्के बरोबर आहे असंही नाही. कायद्यातला ‘निव्वळ’ महत्त्वाचा आहे. २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की शोध संगणकावर चालतो एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येणार नाही, त्यातून काही तांत्रिक परिणाम साधतो का हे तपासायला हवं. म्हणजे गाडीचे ब्रेक नव्या तऱ्हेने सांभाळणारी यंत्रणा असेल आणि तिच्या पोटात प्रोग्रॅम असेल, तर तिचा विचार होऊ शकतो. रतीबाचा हिशेब मात्र या दारातून आत जाणार नाही. आणि तो जाऊ नये, असंच मी म्हणेन.

का, ते एका जुन्या प्रकरणातून सांगतो. या विषयावर मत बनवायचं असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

GIF ऐवजी देवनागरीतच लिहितो: जिफ. व्हॉट्सअ‍ॅपवर हलणारी चित्रं आपण याच नावाने ओळखतो. कॉम्प्युसर्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये हा फॉरमॅट काढला. तेव्हा मोडेम इतके संथ होते की चित्र आवळून छोटं केल्याशिवाय पाठवणंच शक्य नव्हतं. त्यासाठी त्यांनी एलझेडडब्ल्यू नावाची रीत वापरली. मूळ कल्पना अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या इस्रायली संशोधकांची, १९७८ ची. टेरी वेल्च यांनी ती सुधारली आणि १९८४ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. लोकांनी लेख वाचला आणि रीत वापरायला घेतली.

रीत किती सोपी आहे ते पाहा. समजा ‘कटकटकट’ हा मजकूर पाठवायचा आहे. दोघांकडे आधीच ठरलंय की क म्हणजे १ आणि ट म्हणजे २. पाठवणारा पहिला क वाचतो. पुढे ट दिसतो, ‘कट’ ही जोडी यादीत नाही. म्हणून तो १ पाठवतो आणि ‘कट’ला ३ हा नंबर देऊन ठेवतो. मग ट, पुढे क. ‘टक’ही यादीत नाही, म्हणून २ पाठवतो आणि ‘टक’ला ४ नंबर देतो. आता पुन्हा ‘कट’ आलं, ते यादीत आहे, म्हणून एकच आकडा जातो, ३. शेवटच्या ‘कट’लाही ३. सहा अक्षरांचं काम १, २, ३, ३ या चार आकड्यांत झालं. मजकूर जितका लांब आणि जितकी पुनरावृत्ती जास्त, तितकी बचत वाढत जाते. यातली खरी सुंदर गोष्ट पुढेच आहे: यादी पाठवावीच लागत नाही. घेणारा १ आणि २ वाचतो तेव्हा तोही ‘कट’ला ३ नंबर देऊन मोकळा होतो, कारण नियम दोघांचा एकच. मला आजही ही युक्ती कुणाला शिकवताना आनंद होतो. पाचवीतली मुलगी कागद-पेन्सिल घेऊन ती करू शकते.

आणि याच युक्तीवर पेटंट होतं. वेल्च स्पेरी कंपनीत असताना जून १९८३ मध्ये अर्ज झाला, डिसेंबर १९८५ मध्ये पेटंट मिळालं. १९८६ मध्ये स्पेरी आणि बरोज या कंपन्या एकत्र येऊन युनिसिस झाली, पेटंट तिच्याकडे गेलं. १९९४ च्या डिसेंबरअखेर जाहीर झालं की जिफ वापरणारं सॉफ्टवेअर विकायचं असेल तर युनिसिसचा परवाना घ्यावा लागेल. तोवर सात वर्षं होऊन गेली होती. नुकत्याच सुरू झालेल्या वेबवर चित्रं म्हणजे जिफच होती आणि हजारो प्रोग्रॅम ती वाचत-लिहीत होते. पुढे १९९९ मध्ये, विनापरवाना सॉफ्टवेअरने जिफ बनवून वेबसाइटवर ठेवणाऱ्यांकडूनही शुल्क मागायला सुरुवात झाली.

यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. वेल्च यांच्या अर्जाच्या तीन आठवडे आधी आयबीएमच्या दोन संशोधकांनी जवळजवळ हीच रीत सांगणारा अर्ज केला होता. त्यांनाही अमेरिकेने १९८९ मध्ये पेटंट दिलं. एकाच युक्तीवर दोन पेटंटं, दोन कंपन्यांना, एकाच पेटंट ऑफिसकडून! ते ऑफिस बेफिकीर होतं असं मी म्हणत नाही. अल्गोरिदम शेकडो तऱ्हांनी मांडता येतो, दोन दावे एकच आहेत हे ओळखायला तज्ज्ञालाही घाम फुटतो. मग घरी बसून अ‍ॅप लिहिणाऱ्या माणसाने आपल्या कोडमधली कुठली ओळ कुणाच्या पेटंटमध्ये येते हे कसं ओळखायचं? कॉपीराइटमध्ये निदान ‘मी त्यांचं पाहिलंच नाही, स्वतः लिहिलं’ हा बचाव चालतो. पेटंटमध्ये तो चालत नाही. तुम्हाला तीच गोष्ट स्वतंत्रपणे सुचली असली तरी तुम्ही अडकता.

यावर पेटंटची बाजू घेणारे म्हणतात की या भांडणामुळेच पीएनजी हा चित्रांचा नवा फॉरमॅट जन्माला आला. ते खरं आहे. जानेवारी १९९५ मध्ये थॉमस बूटेल यांनी पहिला आराखडा मांडला, इंटरनेटवरच्या जाणकारांनी मिळून तो पक्का केला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याला वेबच्या मानक-संस्थेची मान्यता मिळाली. जिफमध्ये एका चित्रात २५६ रंगच मावतात, पीएनजीत लाखो. पण हे काम करणारे लोक जिफच सुधारू शकले असते. त्यांची बुद्धी आणि वेळ आधी कुंपणाला वळसा घालण्यात गेला. पेटंट अमेरिकेत जून २००३ मध्ये संपलं.

आता उलट उदाहरण घ्या. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी अ‍ॅपल-२ वर व्हिसिकॅल्क आणलं. एक आकडा बदलला की सगळ्या बेरजा आपोआप बदलतात, ही स्प्रेडशीटची कल्पना घरगुती संगणकावर त्यांनी आणली. त्या काळी अमेरिकेतही प्रोग्रॅमला पेटंट मिळणं अवघड होतं, त्यामुळे त्यांनी ते घेतलं नाही. १९८३ मध्ये लोटस १-२-३ ही दुसरी स्प्रेडशीट आली, १९८५ मध्ये एक्सेल. तेव्हाचं अमेरिकन पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चालायचं, म्हणजे हे सगळे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत एकाच कंपनीच्या परवानगीवर अवलंबून राहिले असते. ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांना त्यांच्या कामाच्या मानाने पैसा मिळाला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. तरीही आज गावातल्या पतसंस्थेपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या हातात स्प्रेडशीट आहे, ती त्या खुल्या स्पर्धेमुळे.

पेटंटच्या बाजूने सर्वात भक्कम उदाहरण आयफोरआय या टोरोंटोच्या छोट्या कंपनीचं आहे. वर्डमधल्या एका सोयीने आपल्या पेटंटचा भंग होतो असा खटला तिने मायक्रोसॉफ्टवर भरला, २००९ मध्ये ज्युरीने वीस कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तिच्याच बाजूने निकाल दिला. छोट्याने बलाढ्याला नमवलं, हे मान्य. पण अशा लढाईला वर्षानुवर्षं वकील पोसण्याची ताकद लागते. दुसऱ्या टोकाला एनटीपी ही कंपनी पाहा. ती स्वतः काहीच बनवत नव्हती, तिच्याकडे फक्त पेटंटं होती. ब्लॅकबेरी हे ईमेलवाले फोन बनवणाऱ्या कंपनीने २००६ मध्ये तिला ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, तेही पेटंट ऑफिस ती पेटंटं पुन्हा तपासत असताना. फोनची ईमेल सेवा बंद पडण्याचा धोका तिला पत्करायचा नव्हता. उद्या आपल्याकडे कायदा सैल झाला तर पुण्या-नाशिकच्या पाच-दहा माणसांच्या कंपन्यांच्या दारात आयफोरआय क्वचित येईल, एनटीपीसारखे मात्र रांगेने येतील. ज्यांच्याकडे आज हजारो परदेशी पेटंटं पडून आहेत त्यांनाच पहिला फायदा होईल.

राहिली तुमची भीती, बड्या कंपनीने कल्पना उचलण्याची. २०१३ मध्ये स्नॅपचॅटने ‘स्टोरीज’ आणल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने तीच गोष्ट त्याच नावाने आणली आणि श्रेय स्नॅपचॅटचं आहे हे त्यांच्या प्रमुखांनी उघडपणे मान्यही केलं. दोन्ही कंपन्या कॅलिफोर्नियातल्या. अमेरिकेतला कायदा काही आडवा आला नाही.

तुमच्या अ‍ॅपची ताकद कल्पनेत फारशी नाही, कारण रतीबाचा हिशेब मोबाइलवर ठेवावा हे अनेकांना सुचलेलं आहे. ताकद आहे ती बारकाव्यांत. ताई गावाला गेल्या म्हणून चार दिवस खाडा, रविवारी पाहुणे म्हणून अर्धा लिटर जास्त, म्हशीचं संपलं म्हणून गाईचं दिलं आणि दर वेगळा, महिन्याच्या मध्येच भाव वाढला, पेपरवाल्याने सुट्टी घेतली त्या दिवसाचे पैसे वजा. हे दूधवाल्याला पहाटे पाच वाजता एका हाताने, थंडीत, भराभर टिपता आलं पाहिजे. हे समजून घ्यायला त्याच्याबरोबर फिरावं लागतं. तुम्ही ते केलं असेल तर बड्या कंपनीच्या बरंच पुढे आहात.

कायद्याने जे मिळतं ते मात्र पदरात पाडून घ्या. तुमच्या कोडवर तो लिहिल्या क्षणापासून कॉपीराइट आहे. आपला १९५७ चा कायदा प्रोग्रॅमला साहित्यकृती धरतो, हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून कामी येते. अ‍ॅपचं नाव आणि लोगो ट्रेडमार्क करून घ्या. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची फी ४,५०० रुपये आहे. नाव चांगलं चाललं की नक्कल करणारे पहिल्यांदा नावालाच हात घालतात.

आणि सगळ्यात आधी, पेटंटचा विचारही मनात आणण्याआधी, तुमच्या फ्रीलान्सरचं बघा. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड वेगळा करार नसेल तर मालकाचा होतो. फ्रीलान्सरला हा नियम लागू नाही. तुम्ही पूर्ण पैसे दिले असले तरी लेखी, सहीचं हस्तांतर नसेल तर तो अर्धा कोड आजही त्याच्या मालकीचा आहे. करार कराल तेव्हा मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ओळखीचा माणूस आहे, संबंध चांगले आहेत, तर हा कागद या आठवड्यातच करून टाका. अ‍ॅपला पैसे मिळायला लागल्यावर हीच सही मागणं दोघांनाही अवघड जातं.