सीझन संपला म्हणून पोरगा घरी आलाय

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. मुलगा 22 वर्षांचा. बारावीनंतर त्यानं फूड प्रॉडक्शनचा दीड वर्षाचा कोर्स केला. गेल्या ऑक्टोबरपासून तारकर्लीला एका रिसॉर्टच्या किचनमध्ये होता, पगार 14,000, राहून-खाऊन. जूनमध्ये नोकरी सुटली, तेव्हापासून घरी बसलाय. मालक म्हणतो दसऱ्याला परत ये, 2,000 वाढवतो. पण असल्या नोकरीला काय अर्थ? भाऊबंदांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. शहरातल्या एका प्लेसमेंट ऑफिसात त्याचं नाव घातलंय. 5,000 भरले, ओरिजिनल मार्कशीट दिल्या. गोव्यात फाइव्ह स्टार हॉटेलात पर्मनंट लावतो, 22,000 पगार, दोन वर्षांनी क्रूझवर पाठवतो, असं ते म्हणतात. आणखी 35,000 भरायचेत. मिसेसच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून जमतील. मुलगा काहीच बोलत नाही. पैसे भरावेत का? की पोलीस भरती, तलाठीची तयारी करून घ्यावी?
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर : पैसे भरू नका. पाटल्या घरातच राहू द्या. पण 35,000 रुपयांपेक्षा मला तुमच्या पत्रातलं ते छोटं वाक्य जास्त टोचलं : ‘मुलगा काहीच बोलत नाही.’

तो काय बोलणार? आठ महिने तो भट्टीपुढं उभा राहिला. दिवाळी, नाताळ, मे महिना, म्हणजे घरचे सगळे सण-सुट्ट्या त्यानं दुसऱ्यांची ताटं वाढण्यात घालवल्या. मालकानं वाढीव पगारावर परत बोलावलं. आणि घरी आल्यावर त्याच्या कानावर काय पडलं, तर ‘नोकरी सुटली’. पत्रात भाऊबंद आहेत, पाटल्या आहेत, एजंटाचे शब्द तर जसेच्या तसे आहेत. मुलाला काय हवंय याची एकही ओळ नाही. मार्कशीट त्याच्या, पण त्या देऊन टाकताना त्याला विचारलंत का? तुम्ही काळजीपोटीच हे करताय, यात मला शंका नाही. पण 22 वर्षांच्या कमावत्या मुलाची नोकरी बापानं परस्पर ठरवली, की तो एक तर गप्प बसतो, नाही तर तीन महिन्यांत ती नोकरी सोडून येतो. मग तुम्ही म्हणणार, बघा, हा टिकतच नाही.

त्याची नोकरी सुटलेली नाही, सीझन संपलाय. मे महिन्याच्या अखेरीस सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्ट्‌स बंद होतात ते ऑगस्टअखेरपर्यंत. सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्याही बंद असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणजे ताजा मासाही कमी. पर्यटक नाही, मासा नाही, तर रिसॉर्टवाला किचनची पूर्ण टीम कशाला पोसेल? तो दोन माणसं ठेवतो, बाकीच्यांचा हिशेब करतो. सीझन संपताना तो सगळ्यांनाच परत बोलवत नाही. ज्याचा हात चालतो, जो गर्दीत पळून जात नाही, त्यालाच आधीपासून सांगून ठेवतो. मालवण-देवबाग पट्ट्यातली छोटी रिसॉर्टं, होमस्टे, खानावळी यांची भरती बहुतेक अशीच ओळखीपाळखीनं होते. तिथं एजन्सीचं फारसं काम नाही. तुमच्या मुलानं ती ओळख कमावलीय.

आता एजन्सीबद्दलचा मोठा गैरसमज. नोकरी लावण्याचे पैसे उमेदवारानं द्यायचे असतात, असं तुम्ही गृहीत धरलंय. खरी प्लेसमेंट एजन्सी फी घेते ती हॉटेलकडून. वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, हा रूढ दर आहे. माणूस पुरवणारा ठेकेदार वेगळा. तो दर महिन्याला हॉटेलकडून सर्व्हिस चार्ज घेतो आणि माणूस ठेकेदाराच्याच रोलवर राहतो. हे तुम्हाला मी काय सांगावं? फौंड्रीच्या गेटमधून कंपनीची माणसं आणि ठेकेदाराची माणसं एकाच वेळी आत येतात, कार्ड तेवढं वेगळं असतं. गोव्यातल्या मोठ्या हॉटेलांतही हाउसकीपिंग, सिक्युरिटी आणि किचन स्टुअर्डिंगमध्ये ठेकेदाराची पुष्कळ माणसं असतात. म्हणून ‘फाइव्ह स्टारमध्ये काम’ आणि ‘फाइव्ह स्टारची नोकरी’ यात फरक आहे. तिसरा प्रकार म्हणजे उमेदवाराच्या रजिस्ट्रेशन फीवरच चालणारी ऑफिसं. आधी पैसे, ओरिजिनल कागद ताब्यात आणि मुलाखतीचा पत्ता नाही, हे सगळं एकत्र दिसलं तर ते ऑफिस या तिसऱ्या प्रकारातलं समजा.

किचन स्टुअर्डिंग म्हणजे भांडी-धुलाई, कचरा, स्टोअरची हमाली. काम प्रामाणिक आहे, पण स्वयंपाकी होऊ पाहणाऱ्या मुलासाठी ती वाट उलट दिशेची आहे. स्वयंपाक्याची शिडी कॉमी थ्री (सगळ्यांत खालचा मदतनीस स्वयंपाकी), कॉमी टू, कॉमी वन, मग डीसीडीपी, सीडीपी (किचनच्या एका विभागाचे उपप्रमुख आणि प्रमुख) अशी असते. तुमच्या मुलाला आठ महिन्यांच्या अनुभवावर कॉमी थ्री मागता येईल. एजन्सीच्या कागदावर नुसतं ‘हॉटेल स्टाफ’ लिहिलेलं असेल, तर वर्षानं हातात येणाऱ्या अनुभवपत्रावर ‘युटिलिटी’, म्हणजे वरकाम, असं येतं आणि कॉमीच्या मुलाखतीत त्याचा उपयोग होत नाही. शिवाय, कॉमीची जागा असेल तर हॉटेलचा शेफ ट्रायल घेतो. कांदा चिरायला लावतो, एखादी ग्रेव्ही करायला सांगतो, सुरी कशी धरतो ते बघतो. तुमच्या मुलाला अजून कुणी साधं बोलावलेलंही नाही, मग पगार ठरला कसा?

त्या 22,000 चंही बघा. हा आकडा हातात पडणारा, की कंपनीचा एकूण खर्च? दुसरा असेल आणि मूळ पगार 15,000 धरला, तर पीएफचे मालकाचे 1,800 आणि मुलाचे 1,800 त्यातूनच जातात. उरले 18,400. खोली आणि जेवण खरंच फुकट असेल तर ठीक, नाही तर तेही यातूनच. तारकर्लीचे 16,000 राहून-खाऊन आहेत, हे विसरू नका.

क्रूझचं आमिष तर लगेच तपासता येईल. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि नोकरी लावण्याबद्दल तिला उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (जहाजावर काम करणाऱ्याची नोंदपुस्तिका) आणि मेडिकलचा खर्च आपला, बेसिक सेफ्टीचे कोर्स मान्यताप्राप्त संस्थेत करायचे. आखातातल्या हॉटेलसाठी एजंट परदेशी नोकऱ्यांच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला हवा आणि त्याला फार तर 30,000 अधिक जीएसटी घेता येतो, तेही पावती देऊन. त्या ऑफिसात जाऊन परवान्याचा नंबर विचारा. खऱ्या एजंटाला तो सांगायला एक मिनिट लागत नाही.

मार्कशीट मात्र या आठवड्यातच सोडवून आणा. अर्ज मुलाच्या सहीनं, दोन प्रतींत : कोणती कागदपत्रं कोणत्या तारखेला दिली, 5,000 कसे भरले, दोन्ही परत हवेत. एका प्रतीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर तोच अर्ज पोहोच-पावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. ‘आधी बाकीचे भरा, मग कागद’ असं म्हणाले तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथं फी नाही. आधी 1915 या हेल्पलाइनवर विचारून घ्या. पैसे रोख देऊन पावती घेतली नसेल तर ते परत मिळणं कठीण आहे. तरी कागद सोडू नका.

पोलीस भरती, तलाठी : त्याला स्वतःला हवं असेल तर फॉर्म भरू दे, तुम्हाला हवं म्हणून नको.

माझं मत विचाराल तर त्यानं तारकर्लीला परत जावं. पण गेल्या वर्षीसारखं तोंडी बोलीवर नाही. मालकाकडून साध्या लेटरहेडवर पत्र घ्यावं : पद, पगार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याची सुट्टी. पगार दर महिन्याला बँकेत. ‘मेअखेर एकदम हिशेब करू’ याला होकार देऊ नये, कारण सीझन वाईट गेला की कात्री पहिल्यांदा त्या थकलेल्या पैशांनाच लागते. वीसपेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी पीएफ सक्तीचा नसतो, तेव्हा तो मिळणार नाही असं धरून त्यानं स्वतःच पोस्टात दरमहा काही टाकावं. आणि या सीझनला फक्त तळणीवर न राहता मासे साफ करणं, खरेदी, ऑर्डरचा हिशेब हे मागून घ्यावं.

राहिले पावसाळ्याचे महिने. किनारा बंद असतो तेव्हा आंबोली, पन्हाळा, गगनबावडा भरलेले असतात आणि तिथल्या हॉटेलांना शनिवार-रविवारी जादा हात लागतात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, तेव्हा कोल्हापुरातच काम मिळतं. ते नऊ दिवस करून तो दसऱ्यानंतर घाट उतरू शकतो, तेवढं मालकाशी बोलून घ्यावं लागेल. आजपासून दसऱ्यापर्यंत तांबडा-पांढरा करणाऱ्या एखाद्या चांगल्या खानावळीत रोजंदारीवर उभा राहिला तरी चालेल. मटणाचा अंदाज आणि रश्शाचं प्रमाण हातात बसलेला कोल्हापूरचा पोरगा किनाऱ्यावर वेगळा भाव मागू शकतो. असे दोन सीझन आणि मधला पावसाळा कागदोपत्री जमला, की गोव्यातल्या हॉटेलांच्या वेबसाइटवरून त्यानं स्वतः कॉमीच्या जागेला अर्ज करावा. सीझनच्या तोंडावर, ऑगस्ट-सप्टेंबरात.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. तारकर्लीत कोणत्या सेक्शनला होता, एका वेळी किती ताटांचं काम सांभाळत होता आणि तिथलं काय आवडलं नाही, एवढं त्यानं कळवावं. तुम्ही ते वाचून दुरुस्त करू नका.