आयकॉन मोठा असताना सुरेख दिसतो, पण विंडोजमध्ये १६ पिक्सेलला धूसर का होतो?

२५६ पिक्सेलचं चित्र १६ वर आणलं की मूळच्या १६ बाय १६, म्हणजे २५६ ठिपक्यांचा मिळून एक ठिपका उरतो. बारीक रेघा शेजारच्या रंगात विरघळतात. त्यामुळे एकच चित्र आपोआप लहान करू नका, लहान आकार हातानेच काढा.

आयसीओ फाइलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आयकॉन फाइलमध्ये, एकाच आयकॉनचे अनेक आकार राहतात. किमान १६, २४, ३२, ४८ आणि २५६ ठेवा. स्केलिंग (पडद्यावरचं सगळं मोठं दाखवण्याची विंडोजची सेटिंग) १२५ टक्के असेल तर १६ च्या जागी २० लागतो, म्हणून तोही घाला. २५६ चा आकार पीएनजी या चित्र दाबून साठवणाऱ्या स्वरूपात ठेवला की फाइल फुगत नाही.

१६ साठी सावली, चकाकी, अक्षरं सरळ काढून टाका. रेघ पूर्ण पिक्सेलवरच बसवा. अर्ध्यावर पडली तर एका ठसठशीत रेघेच्या दोन फिकट रेघा होतात. सुझन केअर यांनी १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी ३२ बाय ३२ च्या चौकटीत, निव्वळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत काढलेले आयकॉन जरूर अभ्यासा. काय गाळावं, हे त्यांच्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं.

बदल करूनही जुनाच आयकॉन दिसला, तर तो बहुधा कॅशमधला, म्हणजे विंडोजने आधीच साठवून ठेवलेला असतो. फाइलचं नाव बदलून पुन्हा जोडा.