व्हाइटनिंग टूथपेस्टने दात झिजतात का?

हो, झिजू शकतात, पण दोष नुसत्या पेस्टचा नसतो, किती जोर लावून घासता त्यावर बरंच आहे. बहुतेक व्हाइटनिंग पेस्ट दात आतून पांढरे करतच नाहीत, त्यातली बारीक पावडर वरचे चहा-तंबाखूचे डाग खरवडून काढते एवढंच. आणि गंमत नाही हो, इनॅमल म्हणजे दातावरचं कडक आवरण झिजलं की खालचा पिवळसर थर, डेंटिन, दिसायला लागतो, म्हणजे पांढरे करायला जाता आणि उलट पिवळे होतात, आणि इनॅमल परत उगवत नाही. माझ्या आईने वर्षानुवर्षं मिश्री लावली, मग कडक ब्रशने आडवं घासायची, तिच्या सुळ्याच्या मुळाशी हिरडीजवळ अशी खाच पडली होती की नख अडकायचं, थंड पाणी लागलं की कळवळायची बिचारी.

पेस्ट किती खरखरीत ते आरडीए आकड्याने मोजतात, २५० ही वरची मर्यादा. पाकिटावर तो सहसा नसतोच, म्हणून कोळशाची पेस्ट, मीठ-लिंबू वगैरे रोज नकोच. सॉफ्ट ब्रश घ्या, फ्लोराइडवाली साधी पेस्ट घ्या, आणि लिंबू सरबत किंवा कैरी खाल्ल्यावर लगेच घासू नका, अर्धा तास थांबा, तोवर नुसती चूळ भरा.

डेंटिस्टकडचं ब्लीचिंग वेगळं, त्यात पेरॉक्साइड असतं, ते खरवडत नाही, पण काही दिवस दात शिवशिवतात. आधी तपासून घ्या, मुंबई सेंट्रलला नायर डेंटल हॉस्पिटल आहे, पालिकेचं आहे.