वाचकांचे प्रश्न : वीजबिल कोणाच्या नावावर?

प्रश्न : आम्ही दोघे लंडनमध्ये मुलाच्या जुन्या फ्लॅटमध्ये स्वतंत्र राहतो आणि आम्हाला पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळते. विजेचे बिल मात्र अजून मुलाच्याच नावावर येते. आम्हाला ‘वॉर्म होम डिस्काउंट’ (हिवाळ्यात वीजबिलावर मिळणारी सरकारी योजनेतील सूट) मिळेल का?

उत्तर : बिल मुलाच्या नावावर आहे तोवर मिळणार नाही, आणि केवळ नावापायी आपले 150 पौंड जावेत याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते. 2025-26 च्या हिवाळ्यापासून इंग्लंड व वेल्समध्ये घराच्या अंदाजित ऊर्जाखर्चाची अट काढून टाकली असली, तरी 24 ऑगस्ट 2025 या पात्रता-तारखेला पेन्शन क्रेडिटसारखा पात्र भत्ता चालू असणे आणि बिल स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नावावर असणे या अटी कायम होत्या. पुढची पात्रता-तारीख येण्याआधी खाते आपल्या नावावर करून घ्या. वीजपुरवठादार योजनेत सहभागी आहे का, हेही त्याच वेळी विचारा.