गंधक बसवलेला डीएनए

प्रश्न : कॅडमियम टेल्युराइड या अर्धवाहकाच्या (सेमिकंडक्टरच्या) अब्जांशी (नॅनो) कणांना डीएनएचे धागे जोडतात असे वाचले. आनुवंशिक माहिती साठवणारा रेणू धातूला आणि अर्धवाहकाच्या कणाला धरतो तरी कसा?

उत्तर : साध्या डीएनएलाही धातूंचे आयन चिकटतातच. त्याच्या कण्यातील, म्हणजे धाग्याच्या आधार-साखळीतील, प्रत्येक फॉस्फेटवर (फॉस्फरस-ऑक्सिजनच्या गटावर) ऋण प्रभार असल्याने मॅग्नेशियमसारखे धन आयन भोवती जमतात, मात्र ते सहज सुटूनही जातात. पाऱ्याचे तसे नाही. समोरासमोर आलेल्या दोन थायमिनच्या (डीएनएच्या चार ‘अक्षरां’पैकी एक) मधोमध तो पक्का बसतो, आणि ओनो व तोगाशी या जपानी संशोधकांनी २००४ मध्ये याच गुणावर पाण्यातील पारा ओळखणारा संवेदक बेतला.

अर्धवाहक कणासाठी मात्र कण्यातच बदल करावा लागतो. फॉस्फेटमधील जे दोन ऑक्सिजन साखळीच्या जोडणीत गुंतलेले नसतात, त्यांपैकी एकाच्या जागी गंधक बसवला की फॉस्फोरोथायोएट डीएनए तयार होतो. रसायनशास्त्रज्ञ राल्फ पिअर्सन यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार मॅग्नेशियमसारखे ‘कठीण’ आयन ऑक्सिजनकडे ओढले जातात, तर कॅडमियम आणि पारा हे ‘मृदू’ आयन गंधकाला पसंती देतात. कणाच्या पृष्ठभागावर बंध अपुरे राहिलेले कॅडमियमचे अणू उघडे असतात. धाग्यातील अनेक गंधक त्यांना एकाच वेळी धरतात, म्हणून एखादा बंध सुटला तरी धागा निसटत नाही.

यातली खरी हुशारी अशी की सगळा धागा बदलायचा नसतो. एक भाग गंधकाचा ठेवायचा, तो कणाला धरतो. उरलेला साधा भाग मोकळा राहून आपल्या पूरक धाग्याशी जोडी जमवतो. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की गंधकाच्या भागाची लांबी बदलून एका कणावर किती धागे बसावेत हेही ठरवता येते.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती अनेकदा नजरेआड होते. गंधक आल्यावर फॉस्फरसचे चारही शेजारी वेगवेगळे होतात, त्यामुळे प्रत्येक जोडणीला डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपे मिळतात. अशा दहा जोडण्यांच्या धाग्याची १,०२४ रूपे संभवतात. प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने केलेला धागा म्हणजे यांचे मिश्रण असते, आणि मोजलेली पकड ही त्या मिश्रणाची सरासरी असते. २००७ मध्ये काही जिवाणूंच्या डीएनएत हाच गंधक नैसर्गिकरीत्या सापडला, तेव्हा तो दोन्हींपैकी एकाच रूपात होता.