फायनल एवढी अटीतटीची झालेली का?

प्रश्न: परवा 'दंगल' परत बघितला. गीताची फायनल खरंच शेवटच्या सेकंदापर्यंत गेलेली का हो? आणि वडलांना खोलीत कोंडलेलं ते? – एक वाचक, सांगली

उत्तर: छे हो! २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये ५५ किलो गटात गीता फोगाटने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला १-०, ७-० असं सरळ लोळवलं, म्हणजे दोन राउंडमध्येच विषय संपला, तिसरा झालाच नाही, पिक्चरमध्ये मात्र तिसऱ्यात अगदी शेवटी ५ पॉइंटचा डाव टाकते. कोंडाकोंडी पण रचलेलीच. आता एकतर्फी कुस्तीला थिएटरात शिट्ट्या कोण मारणार, तेवढं समजू शकतो, पण कोचला उगाच व्हिलन केलं ते नाही पटलं, खऱ्या कोचनी तर उघड नाराजी बोलून दाखवलेली.