शहाबादी फरशी पन्हाळ्याच्या दगडाची असते का?

सोप्यातली जुनी शहाबादी काढताना तुमचे गवंडी म्हणाले, "हा पन्हाळ्याचाच दगड, कड्यात थर दिसत नाहीत काय?" थर दिसतात हे खरं, पण दगड तो नव्हे.

शहाबाद हे गाव कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. मुंबईकडून रेल्वेनं जाताना वाडी जंक्शनच्या अलीकडं लागतं. तिकडच्या खाणींतली म्हणून शहाबादी. ओट्याचा कडप्पाही असाच आंध्रातल्या कडप्यावरून आला. 'फरशी'चं मूळ अरबी 'फर्श', म्हणजे अंथरलेलं. ते फारसीमार्गे आपल्याकडं आलं.

शहाबादी हा गाळाचा खडक, त्यातही चुनखडक. उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसत गेला आणि दबून घट्ट झाला. दोन थरांमधली जागा कच्ची राहते. तिथं छन्नी लावली की सपाट लादी सुटते, म्हणून तर फरशीला हा दगड सोयीचा. जुन्या फरशीचे पापुद्रे निघतात तेही याच जागी.

पन्हाळ्याचे थर लाव्हाचे आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी एकावर एक लोट वाहिले, त्यांच्या पायऱ्या झाल्या. दख्खनच्या या लाव्हाथरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात; त्यातला ट्रॅपसुद्धा पायरीवाचक स्वीडिश शब्दावरून आलाय. गडाच्या माथ्यावर जांभा, खाली काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हाच. तो फुटतो वेडावाकडा; त्याची पातळ लादी काढून दाखवा म्हणावं गवंड्यांना! शहाबादचा चुनखडक या लाव्हाच्या कितीतरी आधीचा.

अर्थात कोल्हापूर जिल्ह्यात गाळाचा खडक अजिबात नाही, असंही नव्हे. दक्षिणेकडं, आजरा-चंदगडच्या बाजूला, लाव्हाखालचे जुने वालुकाश्म उघडे पडलेत. बागलकोटकडच्या कलादगी गावावरून त्यांना कलादगी म्हणतात. पावसाळ्यात आपण गोकाकचा धबधबा बघायला पळतो, तो याच खडकावरून कोसळतो.

खात्री करायची तर फरशीची ताजी फुटलेली कड खरवडा आणि त्या भुकटीवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर चुनखडक. बेसाल्टवर काही होत नाही. फक्त त्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर थेंब टाकू नका, ते कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडकात असतं त्याच खनिजाचे, असले तर तिथंही फेस येतो आणि वाद वाढतो.

आणि हो, उरलेली फरशी कुणी ॲसिड मारून चकाचक करून देतो म्हणालं, तर हात धरा त्याचा. ॲसिड चुनाच खातं, वरचा गुळगुळीतपणा जातो. मशिननं घासून पॉलिश करून घ्या.